रोप थांबलंय

रोप मेलं तर कळतं. मान टाकतं, सुकतं, विषय संपतो. पण रोप जिवंत आहे, हिरवंही आहे आणि तरी वाढत नाही, असं झालं की घरातल्या प्रत्येक माणसाला काहीतरी करावंसं वाटायला लागतं. यंदाच्या थंडीत आमच्या येवल्याच्या घरात हेच चाललं होतं. त्यातून जे शिकायला मिळालं ते लिहून ठेवते. बागकाम करणाऱ्यांना उपयोगी पडेल, आणि नातेवाईक मंडळी फोनवर विचारत असतात की "आण्णांच्या मिरच्यांचं काय झालं?", त्यांनाही एकदाच उत्तर मिळेल!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. आण्णांनी आयुष्यभर पैठणी विणली. आधी पाठ गेली, मग डोळे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण बारीक काम पुन्हा जमेना. दोन वर्षांपूर्वी माग काढला, खड्डा मातीने भरून वर फरशी बसवली. तेव्हापासून ती खोली रिकामी आणि आण्णाही तसेच. बाहेर जाणं कमी, बोलणं कमी. म्हणून अंदरसूलच्या मामाने जेव्हा म्हटलं, "दाजी, दहा गुंठ्यांत उन्हाळी मिरची लावतोय, रोपं तुम्हीच करून द्या," तेव्हा आईला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

९८ कप्प्यांचे वीस ट्रे आणले. अठरात मिरची, दोनात घरच्यासाठी टोमॅटो. कोकोपीट भरलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बी टाकलं. ट्रे ठेवले मागाच्या खोलीत. गच्चीवर ठेवता येत नव्हते, कारण येवल्यात संक्रांतीच्या कितीतरी आधीपासून गच्च्या पतंगवाल्यांच्या ताब्यात असतात. आसारी हातात असलेल्या पोराला खाली काय आहे ते दिसत नाही.

मी पुण्याहून संक्रांतीला घरी गेले तेव्हा चाळीस दिवस होऊन गेले होते. एवढ्या दिवसांत मिरचीचं रोप वीतभर नाही तरी बोटभर उंच, पाच-सहा पानांचं हवं. इथे बीदलं आणि वर दोन खरी पानं, बस्स. आठ दिवसांपूर्वी आईने मोबाईलवर पाठवलेला फोटो आणि समोरचे ट्रे यांत काही फरक नव्हता.

सल्ले तर किती! शेजारचे काका म्हणाले, चिमूटभर युरिया टाका. दुकानदाराने टॉनिकची बाटली पुढे केली. कुणी ताक सांगितलं, कुणी म्हणालं बी बोगस निघालं. आई पाणी घालत होती, वहिनी घालत होती, शाळेतून आल्यावर भाचाही मोठ्या प्रेमाने घालत होता. दादाने मला बाजूला घेऊन वेगळाच मार्ग सांगितला. "नर्सरीतून तयार ट्रे आणू, रात्री बदलून टाकू. आण्णांना कळणारही नाही."

आईने ऐकलं. म्हणाली, "रेशमाचा एक धागा वेगळा आला तरी ज्यांच्या बोटाला कळायचं, त्यांना हे कळणार नाही?" दादा गप्प बसला.

आण्णा मात्र घाईत नव्हते. मागावर कापडात दोष दिसला की विणकर आधी थांबतो. दोष ताण्यात आहे की बाण्यात, फणीत की हाताच्या ठोक्यात, ते एकेक करून बघतो. सगळंच एकदम सैल केलं तर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही. त्यांनी ट्रेचं तेच सुरू केलं. मी शेजारी बसून वहीत लिहीत होते.

पहिलं म्हणजे उजेड. रोपाला उजेड कमी पडला तर ते बुटकं राहत नाही, उलट उंच, बारीक, लुळं होतं आणि खिडकीकडे झुकतं. आमची रोपं ठेंगणी आणि ताठ होती. शिवाय मागाची खोली, खिडकी मोठीच. उजेड भरपूर नव्हता, पण मुख्य दोष तो नाही.

दुसरं, पानांचा रंग. नत्र कमी पडलं तर आधी खालची, जुनी पानं पिवळी पडतात, कारण रोप तिथलं नत्र काढून नव्या पानांना देतं. लोह कमी पडलं तर उलट, नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, कारण लोह एकदा जिथे बसलं तिथून हलत नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, पातेल्याला पांढरा थर धरतं. अशा पाण्याने लोह मिळेनासं होतं म्हणून मला त्याचाच संशय होता. पण नवी पानं हिरवी होती. खालची किंचित फिकट, इतकंच.

तिसरं, कीड. आण्णांनी जुनं भिंग काढून पानांची खालची बाजू पाहिली. फुलकिडे नाहीत, कोळी नाही, चुरडा-मुरडा नाही.

चौथ्या वेळी टोमॅटोचा ट्रे उचलला आणि पान उलटं केलं तर खालून जांभळं! टोमॅटो या बाबतीत मिरचीपेक्षा लवकर बोलतो. हा रंग स्फुरद मिळत नसल्याचा. पण गंमत अशी, की स्फुरद असूनही मिळत नाही असं होऊ शकतं. मुळं गारठली की ती स्फुरद घेऊच शकत नाहीत.

मग एक रोप कप्प्यातून अलगद उपसून पाहिलं. मुळं थोडीच, टोकाशी तपकिरी. कोकोपीट वरून कोरडं दिसत होतं, खाली पिळलं तर पाणी. घरातला प्रत्येक जण वरचा कोरडा थर बघून पाणी घालत होता आणि तळ कधी वाळतच नव्हता.

भिंतीवरच्या घड्याळात तापमान दिसतं, ते रात्री फरशीवर ठेवलं. पहाटे साडेपाचला ११ अंश. शेजारच्या निफाडच्या थंडीची बातमी दर हिवाळ्यात पेपरात येते, आपणही त्याच पट्ट्यात आहोत हे विसरायला होतं. मिरचीचं बी २५ ते ३० अंशांत आठ-दहा दिवसांत उगवतं. १५ च्या खाली रोप जवळजवळ थांबूनच राहतं.

आणि मग आण्णा जे म्हणाले ते मी वहीत जसंच्या तसं लिहिलंय. "ही खोली रेशमासाठी आहे गं. खड्ड्यात ओल राहते, वारा येत नाही, म्हणून धागा तुटत नाही. धाग्याला जे पाहिजे तेच रोपाला नको."

इतकी वर्षं त्या खोलीचा गारवा आणि दमटपणा आमच्या घराची भाकरी होता. कोरड्या हवेत रेशीम तटातट तुटतं. तोच गारवा मिरचीच्या मुळांशी बसला होता!

तरीही सगळे ट्रे एकदम हलवले नाहीत. चार ट्रे बाजेवर गोणपाट टाकून ठेवले आणि ट्रे उचलून हलका लागेल तेव्हाच पाणी. चार ट्रे फरशीवरच, पण त्यांना १९:१९:१९ खत, लिटरला एक ग्रॅम. बाकीचे होते तसेच. पाणी घालायचा अधिकार फक्त आण्णांना. भाचा दोन दिवस रुसला होता.

मी पुण्याला परतले. रोज रात्री फोन. पाचव्या दिवशी काही नाही. सहाव्या दिवशी आण्णा फोनवर आलेच नाहीत, आई म्हणाली, झोपले लवकर. त्या रात्री मला झोप लागली नाही. मिरचीचं एवढं काय, असं वाटेल तुम्हाला. पण बी, कोकोपीट, ट्रे यांचे पैसे बाजूला ठेवले तरी, माग काढल्यानंतर त्यांनी स्वतःहून हातात घेतलेलं हे पहिलंच काम होतं. तेही नाही जमलं तर पुढचं काही ते हातात घेतील का, हा खरा प्रश्न होता.

नवव्या दिवशी स्वतःच फोन केला. "बाजेवरच्यांना नवं पान फुटलंय." खत घातलेल्या फरशीवरच्या चार ट्रेंची पानांची टोकं करपली होती. म्हणजे भुकेचं दुखणं नव्हतंच. मुळं खात नसताना ताटात वाढत गेलं की ते अन्न तिथेच साचतं आणि मुळांनाच बाधतं.

त्यानंतर सगळे ट्रे वर उचलले. कर उलटली, पतंग उतरले, गच्ची मोकळी झाली. दिवसा ट्रे उन्हात, संध्याकाळी आत. दादा ऑफिसला जायच्या आधी वर नेऊन ठेवायचा, कुणी सांगितलं नव्हतं. नवी मुळं पांढरी दिसू लागल्यावर मग थोडं खत दिलं, तेही निम्म्या मात्रेने. तेच खत आता लागू पडलं.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मामा टेम्पो घेऊन आला. १७६४ कप्प्यांतून लावण्याजोगी रोपं निघाली तेराशेच्या आसपास. खतवाल्या ट्रेंतली बरीच गेली. उरलेली रोपं मामाने नर्सरीतून घेतली. लागवड पंधरा-वीस दिवस उशिरा झाली, म्हणजे मिरचीचा पहिला तोडाही तेवढाच उशिरा येणार, आणि त्या दिवसांत भाव काय असेल ते कुणाच्या हातात नाही. मामा तोंडावर काही बोलला नाही. पैसे मात्र मोजून दिले, आणि आण्णांनी ते मोजून घेतले. मेहुण्याचे पैसे आण्णा "राहू द्या" म्हणून परत करतील असं आम्हाला सगळ्यांना वाटत होतं. नाही केले. मला ते फार आवडलं.

या सगळ्यात माझ्या मनात एक गोष्ट घर करून बसली आहे. थांबलेल्याला आपण लगेच उपाशी समजतो. काम सुटलेल्या माणसालाही लोक असंच काय काय वाढत असतात. हास्यक्लबला जा, यात्रेला जा, जपाला बसा, नवा मोबाईल घ्या. सगळं प्रेमानेच, भाच्याच्या पाण्यासारखं. त्याच्या पायाखालची फरशी किती गार आहे हे बघायला मात्र बाजेवर नाही, खाली बसावं लागतं.

असो. तुमची रोपं थांबली असतील तर ट्रे आधी उचलून बघा, एक रोप उपसून मुळं बघा, पहाटे तापमान बघा, आणि मगच बाटलीचं झाकण उघडा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

आण्णांनी पुढच्या हंगामासाठी वांग्याचं बी विचारून ठेवलंय. खोलीत लाकडी मांडणी करायची म्हणतात, फरशीपासून दोन हात वर. मोजमाप मागाच्या गजाने घेतलंय.