पोराला विचारायचं

इथं वाडे, जत्रा, माणिकनगरची दत्तजयंती, मैलारचा खंडोबा, सगळ्यांवर वाचायला मिळतं. मी आज बुद्धिबळावर लिहितो आहे. खरं सांगायचं तर हरण्यावर. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

आमचं गाव भालकी. मला बुद्धिबळ शिकवलं धाकट्या काकांनी. काका प्राथमिक शाळेत मास्तर. ते स्वतः शिकले निजामाच्या राजवटीत, त्यांच्या उर्दू शाळेतल्या मास्तरांकडून. त्यामुळं आमच्या घरी आधी देशी डाव चालायचा. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं, किल्लेकोट नव्हता, आणि राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची. पुढं काकांनी बिदरहून एक पुस्तक आणलं, आंतरराष्ट्रीय नियम स्वतः शिकले आणि मग आम्हाला शिकवले. 1974 साली बंगळूरला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती खाडिलकरांनी जिंकली, ती बातमी कापून त्यांनी देवघराशेजारच्या भिंतीला चिकटवली होती. आजी म्हणायची, "ह्यो कुठला नवा देव आणलास?"

काकांच्या उर्दू मास्तरांचं एक बोलणं घरात सगळ्यांना पाठ होतं : "जीती बाजी भूल जाव मियाँ, हारी बाजी घर कू ले जाव." काका ते अक्षरशः पाळायचे. दोनशे पानी वही, डाव्या बाजूला चाली, उजव्या बाजूला "मनात काय होतं" असा रकाना. जिंकलेला डाव चार ओळींत संपायचा. हरलेल्या डावाला दोन-दोन पानं.

आम्ही पोरं हरलो की त्यांचं ठरलेलं वाक्य, "हं, मांड परत पहिल्यापासून. कुठं चुकलास, मला सांगू नको, मांडून दाव." मला याचा भयंकर कंटाळा यायचा. हरलो ते हरलो, पुन्हा त्याच जखमेला कशाला हात लावायचा?

1984 साल. मी अठरा वर्षांचा. बिदरला कॉलेजच्या पोरांची स्पर्धा होती. काका शाळेतून रजा टाकून माझ्याबरोबर एसटीनं आले. दिवसभर हॉलच्या भिंतीला टेकून उभे होते. शेवटच्या फेरीत माझ्यासमोर हुमनाबादकडचा एक मुलगा होता. जिंकलो असतो तर पहिला नंबर. हरलो, चौथा आलो. डाव संपल्यावर तो मुलगा हसून म्हणाला, "बघू या का एकदा?" मी हात मिळवला आणि काही न बोलता उठलो.

परतीच्या बसमध्ये काकांनी पिशवीतून खिशातला छोटा बोर्ड काढला, खुंट्यांच्या सोंगट्यांचा. म्हणाले, "मांड." मी म्हणालो, "उजेड नव्हता तिथं. आन् पंखा डोक्यावर करकर करूलालता." काका म्हणाले, "असंल. तरी मांड." मी खिशातून डाव लिहिलेला कागद काढला, त्यांच्यासमोर टराटरा फाडला आणि खिडकीतून बाहेर टाकला. काका काही बोलले नाहीत. बोर्ड पिशवीत ठेवला आणि भालकी येईपर्यंत बाहेर बघत बसले.

नंतर मला बँकेत नोकरी लागली. हैदराबाद, सोलापूर, मग गुलबर्गा. (2014 पासून कलबुर्गी झालंय, पण आम्ही अजून गुलबर्गाच म्हणतो.) बुद्धिबळ सुटलं. दिवाळीला गावी गेलो की काका एकदा तरी विचारायचे, "ती बिदरची बाजी आठवती का रे?" मी म्हणायचो, "कुठली?" आठवत असूनही म्हणायचो. 2004 साली काका गेले.

दोन वर्षांपूर्वी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि रिकामपणात मोबाईलवर बुद्धिबळ सुरू केलं. दहा-दहा मिनिटांचे डाव. हरलो की लगेच दुसरा, तो हरलो की तिसरा. रात्रीचा एक वाजायचा. बायको म्हणाली, "बँकेत तरी पाचला सुटायचात." रेटिंग अकराशेच्या आसपास, ते वर काही सरकेना. शेकडो डाव खेळलो आणि एकही परत बघितला नाही. त्या ॲपमध्ये डाव संपल्यावर तपासणीचं बटण असतं. मी ते कधी दाबलंच नाही. सवय जुनीच होती, फक्त आता फाडायला कागद नव्हता.

मागच्या वर्षी इथं गुलबर्ग्यात एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारची खुली स्पर्धा होती. मी नाव दिलं. तिसऱ्या फेरीत समोर दहा-अकरा वर्षांची मुलगी. दोन वेण्या, पाय जमिनीला टेकत नव्हते. मला वाटलं, हा गुण आपला. एकतिसाव्या चालीला तिनं मला मात केली. आणि मग म्हणाली, "अंकल, आट नोडोणेन्री?" म्हणजे, डाव बघायचा का आपण?

मी म्हणालो, "टाइम इल्लम्मा," आणि उठलो. जिना उतरताना पाय जड झाले. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या हुमनाबादच्या मुलाचा हसरा चेहरा समोर आला, आणि बसच्या खिडकीतून बाहेर बघणारे काका. पण परत वर जायचं धाडस झालं नाही.

यावेळी कागद मात्र फाडला नाही. घरी आणला.

दुसऱ्या दिवशी सगळा डाव मोबाईलमध्ये भरला आणि तपासणीचं बटण दाबलं. यंत्रानं एकाच चालीवर लाल खूण केली : एकतिसावी. त्या चालीला मी माझा हत्ती हल्ल्यासाठी बाजूला सरकवला होता, आणि तिचा हत्ती मोकळ्या पट्टीतून थेट माझ्या राजाच्या रांगेत उतरला. राजासमोर तीन प्यादी जशीच्या तशी, पळायला खिडकी नाही. मात. मला बरंच वाटलं. एकच चूक! नाहीतर डाव चांगलाच होता.

मग काय वाटलं कोण जाणे, काकांचा रकाना आठवला. यंत्र बंद केलं, घरातला बोर्ड काढला, आणि प्रत्येक चालीपुढं तेव्हा मनात काय होतं ते लिहायला बसलो. खरं खरं. दोन तास लागले.

आणि मंडळी, चूक एकतिसाव्या चालीला नव्हतीच. तिचा हत्ती ज्या पट्टीतून आला, ती पट्टी मोकळी कशी झाली? चौदाव्या चालीला मी घोड्यानं तिचा उंट मारला होता, तिनं कोपऱ्याजवळच्या प्याद्यानं तो घोडा घेतला, आणि तिच्या हत्तीपुढची वाट उघडली. पुढं त्याच पट्टीतलं माझं प्यादं तिनं खाल्लं, तेव्हा माझ्या मनात होतं, "एक प्यादं गेलं तर काय होतंय." गंमत म्हणजे उंट मारणं यंत्राच्या मते बरोबरच होतं. चाल चांगली होती. पण त्या चालीनं समोरच्याला काय मिळालं, हे मी पुढच्या सतरा चालींत एकदाही बघितलं नाही. माझ्या रकान्यात सगळीकडं "मी इथं जाणार, मी तिथं मारणार". "ती काय करतीय" असं एकही वाक्य नाही.

यंत्र चाल चुकली की सांगतं. आपण तेव्हा काय विचार करत होतो, ते त्याला माहीत नसतं. मिखाईल बॉटविनिक, 1948 साली जगज्जेता झालेला रशियन खेळाडू, सांगायचा की आपले डाव आपण तपासा आणि ती तपासणी छापून जगासमोर ठेवा, म्हणजे लोक चुका दाखवतील. तो जगज्जेता झाला तेव्हा अशी यंत्रं नव्हती. आमच्या काकांना बॉटविनिक किती माहीत होता, ठाऊक नाही. पण उर्दू मास्तर, रशियन जगज्जेता आणि भालकीचा शिक्षक, तिघंही एकच सांगत होते आणि मी अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत ऐकलं नाही.

तेव्हापासून मी नियम केला. हरलो की लगेच दुसरा डाव नाही. एक रात्र जाऊ द्यायची. सकाळी चहानंतर बोर्डावर मांडायचा आणि आधी स्वतः शोधायचं : कुठल्या चालीपासून आपण समोरच्याचं बघणं सोडलं? ते वहीत लिहून झाल्यावरच यंत्राला विचारायचं. दहा हरलेल्या डावांची उजळणी केली तर सात ठिकाणी तोच रोग निघाला. सहा महिन्यांत रेटिंग दीडशेनं वर गेलं. फार मोठं नाही, पण रात्री अकराला झोप लागते.

आता जे सांगायला हे सगळं लिहिलं, ते सांगतो.

यंदा उन्हाळ्यात भालकीच्या घराची वाटणी झाली. मी गुलबर्ग्याहून बिदरची गाडी धरून गेलो (2017 ला ही लाइन सुरू झाल्यापासून सोय झालीय). काकांची पत्र्याची पेटी कुणालाच नको होती, रद्दीत जाणार होती. मी घेतली. आत पाच वह्या. लिहिण्याची पद्धत जुनी. 1981 पासून जागतिक संघटना फक्त अक्षर-आकड्याची नवी पद्धतच मानते, पण काकांनी शेवटपर्यंत "प्या – रा ४", "घो – राउं ३" असंच लिहिलं. या पद्धतीत प्रत्येक घराला दोन नावं असतात, पांढऱ्याकडून एक आणि काळ्याकडून एक. वाचताना डोकं गरगरतं.

तिसऱ्या वहीत एका पानावर लिहिलेलं होतं : "बिदर, 1984. शेवटची फेरी."

तो माझा डाव होता. मी फाडून टाकलेला. काकांनी भिंतीशी उभं राहून बघितला होता आणि घरी येऊन आठवणीनं लिहून काढला होता. बावीस चाली. सतराव्या चालीपुढं रकान्यात लिहिलंय, "इथपासून पोरगं समोरच्याकडं बघत नाही." आणि बावीसाव्या चालीखाली रेघ मारून, "पुढं आठवत नाही. पोराला विचारायचं."

वीस वर्षं ते दिवाळीला विचारत होते. मी "कुठली?" म्हणत होतो.

त्या रात्री बोर्डावर बावीस चाली मांडल्या. सवयीप्रमाणं आधी स्वतः बघितलं, मग यंत्राला विचारलं. डाव बरोबरीत होता. हरलेला नव्हताच! मग मी हरलो कुठं? खूप आठवून बघितलं. पंख्याची करकर आठवते, खिडकीतून उडालेले कागदाचे कपटे आठवतात. चाल एकही आठवत नाही.

मागच्या महिन्यात परत ती रविवारची स्पर्धा झाली. ती दोन वेण्यांची मुलगी होती, पण आमची गाठ पडली नाही. मी दुसऱ्या एका मुलाशी हरलो. तो उठायला लागला तेव्हा मी म्हणालो, "कूतको पा, आट नोडोण." तो बसला. आम्ही पाऊण तास बघितलं. मधेच ती मुलगी येऊन शेजारी उभी राहिली आणि तिनं मला एक उंटाची चाल दाखवली, जी आम्हा दोघांनाही दिसली नव्हती.

शेवटी एक विनंती. 1984 साली बिदरच्या त्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत पांढऱ्या सोंगट्या घेऊन खेळलेले हुमनाबादकडचे गृहस्थ, किंवा त्यांच्या घरचं कुणी, हे वाचत असेल तर जरूर कळवा. तुमच्याकडं तो कागद असेल, किंवा तेविसाव्या चालीपासून पुढचं काही आठवत असेल, तर मी हुमनाबादला येतो. बोर्ड मी आणतो. काकांच्या वहीत रेघेखाली जागा शिल्लक आहे.