डोळा-कानाचा वॉर्ड

रुग्णालयात सर्वांत शांत वॉर्ड कोणता, असे कोणी विचारले तर मी डोळा-कानाचा वॉर्ड सांगेन. तिथे रक्त फारसे दिसत नाही, मरणही क्वचितच. नव्याने आलेल्या मुलींना तिथली ड्यूटी म्हणजे विश्रांती वाटायची. बेळगाव भागातल्या एका रुग्णालयात या वॉर्डात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे ती विश्रांती कशी असते ते मला ठाऊक आहे.

मी १९७८ साली कामाला लागले, तेव्हा मोतीबिंदूचे ऑपरेशन हे घरातले मोठे प्रकरण असे. डोळ्यातले गढूळ झालेले भिंग काढत, पण त्या जागी नवे बसवत नसत. हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनला १९४९ सालीच कृत्रिम भिंग बसवले होते; आमच्याकडच्या सामान्य माणसापर्यंत ते पोचायला काही दशके गेली. तोवर रुग्णाला उताणे निजवायचे, मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवायच्या आणि डोळे पट्टीने बांधायचे. खोकणे नको, कुंथणे नको, वाकणे नको. पुढे जन्मभर सोडा-बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा.

ऑपरेशन डॉक्टर करीत, पण ते निभावून नेणे पुष्कळदा आमच्या हाती असे. पट्टी बांधलेल्या माणसाला न बोलता हात लावला तर तो दचकतो, मान वळवतो आणि टाक्यांवर ताण येतो. म्हणून आमच्या मोठ्या सिस्टरांचा दंडकच होता : आधी आपले नाव सांगा, काय करणार ते सांगा, मग हात लावा.

पण सांगायचे कोणत्या भाषेत? खानापूरच्या आजी मराठी, बैलहोंगलचे आजोबा कानडी. डोळे उघडे असलेला माणूस गणवेश पाहून निम्मे समजून घेतो. पट्टीखालच्या माणसाला शब्दच लागतो. मी ‘हेदरब्याड्री’, ‘नोवु ऐतेन्री’ एवढे शिकून घेतले. धारवाडकडच्या माझ्या सहकारी ‘घाबरू नका’, ‘दुखतंय का’ शिकल्या.

१९८६ साली भाषेवरून आमचा सगळा भाग पेटला होता. त्या दिवसांत वॉर्डात एक कानडी आजोबा आणि शेजारच्या खाटेवर एक मराठी शेतकरी होते. दोघांच्याही डोळ्यांवर पट्ट्या. गाड्या बंद, त्यामुळे दोघांकडेही घरचे कोणी पोचलेले नव्हते. रात्री आजोबा क्षीण आवाजात ‘नीरु, नीरु’ म्हणू लागले. मी उठून जाईपर्यंत शेजारच्या खाटेवरून हाक आली, ‘‘अक्का, आजोबास्नी पाणी द्या की!’’ अक्का ही हाक दोन्ही भाषांत एकच. पुढचे चार दिवस आजोबांना काय हवे-नको ते मला त्या शेतकऱ्याकडूनच कळत होते.

कानाच्या रुग्णांची तऱ्हा वेगळी. चेहऱ्याची नस कानातून जाते. म्हणून कानामागच्या हाडाचे ऑपरेशन झाले की ती शाबूत आहे ना, हे पाहावे लागते. रुग्णाला डोळे घट्ट मिटायला, दात दाखवायला, हसायला सांगायचे. एकदा आमच्या धारवाडच्या सिस्टर सवयीने एका मराठी बाईंना म्हणाल्या, ‘‘नग्री.’’ म्हणजे हसा. बाई म्हणाल्या, ‘‘नगरी कसली हो, आमचं गाव येळ्ळूर!’’ सगळा वॉर्ड हसला, बाईही हसल्या आणि चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा हलला. तपासणी तिथेच झाली.

वाहता कान घेऊन मुले फार यायची. घरी बहुधा कोमट तेल घालून झालेले असे. पडद्याला भोक असेल तर तेल आणि अंघोळीचे पाणी, दोन्ही आत जातात. अशा कानाला कोरडे ठेवणे हेच निम्मे औषध. डॉक्टरांनी दिलेले थेंबही गार घालू नयेत, चक्कर येते. बाटली थोडा वेळ मुठीत धरावी. मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढावा, तान्ह्याचा खाली आणि मागे.

क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने घेतलेल्यांपैकी काहींचे ऐकणे कायमचे जायचे. त्यांच्याकडे पाहताना एक गोष्ट मला नेहमी टोचत असे. आंधळ्याला लोक हात देतात, बहिऱ्याला हसतात. त्याच्याशी ओरडून उपयोग नसतो. समोर, उजेडात बसून सावकाश बोलावे, म्हणजे ओठ दिसतात. एवढे केले तरी घरातला माणूस घरात राहतो.

सर्वांत जास्त आठवतात ते काचबिंदूचे एक गृहस्थ. दुसऱ्या एका दवाखान्यात त्यांना थेंब दिले होते. चिठ्ठी इंग्रजीत, समजावणे कानडीत. मराठी गृहस्थ सगळ्याला मान डोलावून घरी आले. बाटली संपली, औषध संपले, असे त्यांनी धरले. डोळा दुखत नव्हता, समोरचे दिसत होते. दोन वर्षांनी आमच्याकडे आले ते मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही; थेंब उरलेली राखण्यासाठी असतात, तेही बहुधा जन्मभर. ‘‘एवढंच कुणी आमच्या बोलीत सांगितलं असतं तर?’’ असे मुलगा म्हणाला. त्यावर काय बोलणार?

आता मोतीबिंदूचा रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. चांगलेच झाले. पण आमचे काम आता सुनेकडे, नातवाकडे आले आहे. त्यांनी हात धुवावेत, खालची पापणी ओढून तिथे एकच थेंब टाकावा, बाटलीचे टोक डोळ्याला लागू देऊ नये, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबावा. दुसरे औषध पाच मिनिटांनी.

आणि दवाखान्यातून निघण्यापूर्वी सगळे आपल्या भाषेत विचारून घ्यावे. ‘समजलं का?’ म्हटले की माणूस भीडेने ‘हो’च म्हणतो. म्हणून मी शेवटपर्यंत प्रत्येकाला विचारत असे, ‘‘घरी गेल्यावर काय करणार, ते मला सांगा बघू.’’