ओवीच्या आधीची ओवी

आमच्या थोरल्या भगिनीचा आणि आमचा गेला महिनाभर एका गोष्टीवरून मतभेद चालू आहे, आणि त्याच्या मुळाशी लोखंडाच्या गंजाच्या कुळातले काही सूक्ष्म कण आहेत, असे सांगितल्यास वाचक हसतील. पण प्रकार खरा आहे.

पांढरकवड्याच्या आमच्या जुन्या घरी, पत्र्याखालच्या माळ्यावर, एक ट्रंक पडून होती. तीत १९८६ साली भरलेली साठ मिनिटांची कॅसेट सापडली. आईने जाते नुसते पुढ्यात घेऊन, ते न फिरविता, म्हटलेल्या ओव्या तीत आहेत. घरघरीने आवाज बिघडेल म्हणून त्या वेळी आम्हीच तिला तसे बसविले होते. आईचा आवाज म्हणून घरात आता एवढेच उरले आहे. चिरंजीवांनी कोठूनसा टेपरेकॉर्डर पैदा केला व आम्ही सारे भोवती बसलो. तो काय, प्रत्येक ओवी स्पष्ट सुरू होण्यापूर्वीच्या शांततेत तिचेच पहिले शब्द, त्याच सुरात, अगदी पुसट, भिंतीपलीकडून आल्यासारखे ऐकू येऊन गेले!

"आईची सवयच होती ती," ताई म्हणाली. "ओवी म्हणायच्या आधी स्वतःशी पुटपुटून घ्यायची. तू लहान होतास, तुला काय आठवणार?"

तिचे डोळे भरून आले होते, म्हणून आम्ही गप्प राहिलो. परंतु कॉलेजात पदार्थविज्ञान शिकविण्यात जन्म घालविलेल्या मनुष्याच्या गप्प राहण्यासही मर्यादा असते. रात्री सारे निजल्यावर आम्ही घड्याळ घेऊन बसलो. फितीच्या आरंभी पुसट शब्दांत व खऱ्या शब्दांत सुमारे तीन सेकंदांचे अंतर भरले. शेवटास ते दीड सेकंदावर आले. फीत सेकंदास पावणेपाच सेंटिमीटर धावते. हिशेब केला, तेव्हा हे अंतर नेमके गुंडाळीच्या एकेका वेढ्याएवढे निघाले: बाहेरचा वेढा मोठा, आतला लहान. कोणाही माणसाची पुटपुटण्याची सवय अशी बेताबेताने आखडत जात नाही.

फितीवरचा लेप मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढा पातळ. त्यात सुईसारखे कण खच्चून भरलेले. एकेकाची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही निम्मी, जाडी त्याहून पुष्कळ कमी. प्रत्येक कण एक चिमुकला चुंबक, आणि कोणीही एकटा नाही. टोकास टोक लागून असलेले दोघे एकमेकांस त्याच दिशेस धरून ठेवतात. कुशीस कूस लावून असलेले एकमेकांस उलटे वळवू पाहतात. एका कणाचे वागणे त्या एकट्याकडे पाहून सांगता येत नाही, ते साऱ्या शेजाराचे असते. हा शेजार आपल्याच थरापुरता थांबत नाही. गुंडाळीत वर-खाली बसलेल्या वेढ्यांचे क्षेत्रही कणांस पोचते, आणि जे सर्वांत लहान व चंचल असतात ते या परक्या वेढ्याचे ऐकतात.

लहानच का, हे फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेएल यांनी १९४९ साली दाखविले. १९७० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. उष्णतेच्या धक्क्यांनी कणाचे चुंबकत्व उलटण्यास लागणारा काळ त्याच्या आकारमानाबरोबर अफाट वाढतो. सात वर्षे एका दिशेस राहणारा कण घेतला आणि त्याचा व्यास निम्मा केला, तर तो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आतच ती विसरतो. याच सिद्धान्ताने लाव्ह्याच्या खडकातील चुंबकत्वाचाही उलगडा होतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील बऱ्याच भागाखाली असलेला काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला. दख्खनच्या अशाच दगडांतील चुंबकत्वाची दिशा मोजून क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी १९५६ साली हा प्रदेश त्या काळी विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्याचे अनुमान काढले. अलीकडे दाट कणांच्या नमुन्यांत याहून नवल आढळले आहे. नमुना गार करताना एखाद्या तापमानास काही काळ थांबविला, तर पुन्हा ऊन करताना त्याच तापमानाजवळ तो आपल्या खुणेने थबकतो; आणि हे एकेका कणाचे काम नसून परस्परांत गुंतलेल्या समूहाचे आहे, असे मानतात.

आमच्या कॅसेटला मात्र थंडीशी कर्तव्य नव्हते. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. पत्र्याखाली काय होत असेल ते सांगावयास नको. उष्णतेने हा ठसा अधिक उमटतो. पस्तीसहून अधिक उन्हाळे त्या ओव्या एकमेकींवर उमटत राहिल्या.

हे सारे ताईस सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले, घड्याळाचा हिशेबही पाहिला, आणि म्हणाली, "असेल. पण ती पुटपुटायची, हे मी पाहिलं आहे." यावर आमच्यापाशी उत्तर नाही. फितीने सवय खोटी ठरविली नाही, एवढेच की ती सवय फितीवर नाही.

पुण्यास असलेले चिरंजीव म्हणतात, संगणकावर उतरवून घेताना हा दोष पुसून टाकतो. शिवाय फीत दोन-चार वेळा मागेपुढे गुंडाळली की त्या चंचल कणांतील पुष्कळसे ठसा आपोआप सोडतात, हेही आम्हांस ठाऊक आहे. आवाज स्वच्छ मिळावा अशी आमचीही इच्छा आहे. परंतु कॅसेट अजून तशीच आहे, कपाटातल्या गार खणात, न गुंडाळलेली. ताई दिवाळीस येणार आहे.