तीन महिने फुकट



या चातुर्मासात परिग्रह थोडा कमी करायचा नियम घेतला. जास्तीच्या साड्या, भांडी देऊन झाली. मग नजर गेली भिंतीवरच्या इंटरनेटच्या डब्याकडे. लॉकडाऊनमध्ये मुलगा घरून काम करायचा, तेव्हा घेतलेला. तो पुण्याला परत गेला, डबा मात्र लुकलुकतच राहिला. महिन्याला ५९९ रुपये, वरून १८ टक्के जीएसटी. वर्षाचे जवळजवळ साडेआठ हजार! बी.कॉम. होऊनही हा हिशेब मी इतकी वर्षं मांडला नव्हता.

जोडायला एक फोन पुरला होता. बंद करायला मात्र ॲपमध्ये बटणच सापडेना. फोनवर आकडे दाबा, गाणं ऐका, मग एक मुलगी म्हणणार, "मॅडम, तीन महिने फुकट देते." नको म्हटलं की दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा फोन, पुन्हा तेच. चौथ्या वेळी मी त्या मुलीवर ओरडले. नको ते बोलले.

संध्याकाळी सामायिकाला बसले, तर ओठांवर नवकार आणि मनात तीच मुलगी. डबा सोडायला निघाले आणि क्रोध जमा करून बसले. बिचारीला तेवढंच बोलायला शिकवलं असणार.

मग शांतपणे काम केलं. ग्राहक क्रमांक आणि तारीख घालून 'सेवा बंद करा' असा ईमेल पाठवला. त्यानंतर यूपीआयच्या ॲपमध्ये जाऊन 'ऑटोपे' रद्द केलं. हा क्रम लक्षात ठेवा; नुसतं ऑटोपे थांबवलं तर पैसे कापले जात नाहीत, पण बिल चढत राहू शकतं. दारव्ह्याहून एसटीने यवतमाळला जाऊन डबा परत केला आणि पावती घेतल्याशिवाय उठले नाही.

ग्राहकाला असं अडकवून ठेवणं गैर आहे, हे सरकारनेही मान्य केलंय. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत फसव्या पद्धतींचे १३ प्रकार दिलेत, त्यात 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' आहे. कुणी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लिहून ठेवा.

दशलक्षणाच्या पहिल्या दिवशी, उत्तम क्षमेला, त्या मुलीची मनातल्या मनात क्षमा मागितली. तिचं नावही मला माहीत नाही.

डिपॉझिट अजून यायचंय. त्यासाठी फोन करणारच आहे, पण आधी नवकार म्हणून.