मोडीतला ट्रॅक्टर

अमेरिकेत घर घेतलं की घराबरोबर गवतही येतं. आपल्याकडे अंगण म्हणजे शेणसडा, रांगोळी आणि फार तर चार कुंड्या. तिकडच्या उपनगरांत मात्र घराच्या चारी बाजूंनी हिरवळ असते आणि ती नीट राखणं हा शेजारधर्म समजला जातो. मे-जून महिन्यांत पाऊस आणि ऊन दोन्ही भरपूर असलं की आठवड्याला एकदा तरी गवत कापावंच लागतं. आठ-दहा दिवस दुर्लक्ष केलं तर शेजारी पाहू लागतात आणि गवत फारच वाढलं तर कित्येक गावांत पालिकेची नोटीसही येते.

इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड शहराजवळ राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचं घर एक एकर जागेत आहे. एक एकर म्हणजे आपले चाळीस गुंठे. घर आणि गाडीरस्ता वजा केला तरी तीसएक गुंठ्यांचं गवत उरतं. ढकलायच्या यंत्रानं ते कापायचं म्हणजे सुट्टीचा अख्खा दिवस गेला. माणूस लावावा, तर दर खेपेला पन्नास डॉलर. बसून चालवायचं नवं यंत्र घ्यावं, तर साध्यातल्या साध्यालाही दीड-दोन हजार डॉलर.

२०१९ च्या एप्रिलमध्ये या घरात आबा आले. आबा म्हणजे घरमालकाचे वडील, वय एकाहत्तर. कोल्हापूरला एसटीच्या विभागीय कार्यशाळेत चाळीस वर्षं डिझेल इंजिनं खोलण्या-जोडण्यात गेलेली. आदल्या वर्षी पत्नी वारली आणि कोल्हापूरच्या घरात ते एकटे राहिले. मुलाला काळजी वाटू लागली. तो अमेरिकेचा नागरिक झालेला असल्यामुळे वडिलांसाठी कायम वास्तव्याचा अर्ज करू शकत होता. कोल्हापूरचं घर विकायचं आणि आबांना कायमचं इकडेच ठेवून घ्यायचं, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. सूनबाईंनी खालची खोली रिकामी करून ठेवली होती.

आबा नाही म्हणाले नाहीत. हो सुद्धा म्हणाले नाहीत. सकाळी सगळे कामावर, नात शाळेत. आबा खिडकीशी बसत. टीव्हीवरची भाषा कळत नसे आणि पायी जावं तर जाण्यासारखं ठिकाण नसे. पंधरा दिवसांत त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या कपाटांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. सोळाव्या दिवशी करायला काही उरलं नाही. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी.

कोठारातलं यंत्र

मे महिन्यात चार मैलांवरच्या एका शेतकऱ्यानं जुनं सामान विकायला काढलं. सूनबाईंच्या आग्रहावरून मुलगा आबांना घेऊन गेला. कोठाराच्या कोपऱ्यात फाटक्या ताडपत्रीखाली लाल रंगाचा एक छोटा ट्रॅक्टर होता. १९७६ सालचा 'व्हील हॉर्स', सहा वर्षं बंद पडलेला. किंमत साडेतीनशे डॉलर.

हा ट्रॅक्टर याच भागातला. साउथ बेंडच्या पाँड पितापुत्रांनी १९४६ मध्ये घरच्या गॅरेजातून हे छोटे ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली. घराभोवतीची बाग नांगरणं, गवत कापणं आणि हिवाळ्यात बर्फ ढकलणं ही कामं एकाच यंत्रानं करता यावीत, ही त्यामागची कल्पना. धंदा वाढला, १९७४ मध्ये अमेरिकन मोटर्सनं आणि १९८६ मध्ये टोरो कंपनीनं तो विकत घेतला. आता त्या नावाचे नवे ट्रॅक्टर बनत नाहीत. जुने मात्र अजून हजारोंनी चालतात, कारण त्यांचं इंजिन ओतीव लोखंडाचं आहे, गिअर पेटी भक्कम आहे आणि सुटे भाग आजही मिळतात.

मुलानं ट्रॅक्टर पाहिला आणि पुढे चालू लागला. आबा मात्र तिथेच उकिडवे बसले.

त्यांनी काय काय पाहिलं ते जुनं यंत्र घेणाऱ्या कुणालाही उपयोगी पडावं. आधी इंजिनातल्या तेलाची पट्टी काढून तेल बोटावर घेतलं. ताकासारखं पांढुरकं असेल तर आत पाणी गेलंय असं समजावं. हे काळं होतं, पण पांढरं नव्हतं. मग गिअर पेटीचं तेल पाहिलं. या ट्रॅक्टरांच्या गिअरच्या दांड्यापाशी रबर फाटलं की पावसाचं पाणी थेट आत उतरतं. तेही ठीक निघालं. प्लगची तार काढून बाजूला केली आणि मगच पात्यांना हात लावून त्यांचे बेअरिंग हलतात का ते पाहिलं. पात्यांवरचं लोखंडी झाकण म्हणजे डेक हातोडीनं ठिकठिकाणी वाजवून पाहिला. गंजानं पोखरलेला पत्रा बद्द वाजतो.

शेवटी आबांनी इंजिन हातानं फिरवलं. ते सहज फिरलं आणि त्यांचा चेहरा पडला. आत दाब नाही, रिंगा गेल्या, असं त्यांना वाटलं. ऐंशीच्या घरातला तो शेतकरी हसला आणि त्यानं खुणेनं सांगितलं, उलटं फिरवा. उलटं फिरवताच चाकानं उसळी मारून हात मागे फेकला. या कोहलर इंजिनात सुरू करायला सोपं जावं म्हणून हळू फिरताना थोडा दाब सोडून देणारी योजना असते. ती सुलट फिरवतानाच लागू होते. खरा दाब उलट फिरवल्यावर कळतो. दोन्ही म्हातारे एकमेकांकडे पाहून मान डोलावू लागले. एकाला मराठीखेरीज धड बोलता येत नव्हतं, दुसऱ्याला इंग्रजीखेरीज.

"घेऊन टाक," आबा मुलाला म्हणाले. अमेरिकेत आल्यापासून त्यांनी प्रथमच काही मागितलं होतं.

गॅरेजातले सहा आठवडे

पहिली अडचण पान्ह्यांची. आबांचं आयुष्य मिलिमीटरच्या पान्ह्यांत गेलेलं आणि या ट्रॅक्टरचे नटबोल्ट इंचाच्या मापाचे. मुलानं इंची पान्ह्यांचा संच आणला. मग आबांनी त्याला फर्मान काढलं, "ऑफिसातनं आलास की जुनी पँट घाल आणि ये."

यात एक गोम होती. मुलगा लहान असताना आबांनी त्याला कार्यशाळेच्या दाराशीही उभं केलं नव्हतं. "तू अभ्यास कर. हात काळे करू नकोस," एवढंच ते सांगत. मुलानं ऐकलं. इंजिनियर झाला, तोही संगणकाचा. वडील चाळीस वर्षं नेमकं काय करत होते हे त्याला बेचाळिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

आता ते त्याला दिसू लागलं. कार्बोरेटर खोलला तेव्हा आत वाळून गोंद झालेलं पेट्रोल निघालं. "ह्याला दुसरं काही नाही झालेलं लेका, घशात कफ झालाय," आबा म्हणाले. अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये बहुधा दहा टक्के इथेनॉल असतं. यंत्र महिनोन्‌महिने उभं राहिलं की असं पेट्रोल खराब होऊन बारीक छिद्रं बुजवतं. टाकी धुतली, नळ्या बदलल्या, छिद्रं साफ केली.

ठिणगी येत नव्हती. पॉइंट काळे पडले होते. आबांनी ते घासून स्वच्छ केले आणि फट वीस थाऊवर, म्हणजे इंचाच्या वीस हजारांश भागावर लावली. मोठ्या चाकावर 'एस' अशी खूण कोरलेली असते. ती छोट्या खिडकीत मधोमध आली की त्याच क्षणी पॉइंट उघडले पाहिजेत. मुलानं दिवा धरला, आबांनी खूण जुळवली.

हेड उतरवल्यावर आबा खूश झाले. या इंजिनाचे व्हॉल्व्ह डोक्यात नसून सिलिंडरच्या शेजारी असतात. "हे तर आपल्या जुन्या विलीस जीपसारखं!" काजळी खरवडून काढली. धूर बाहेर टाकणाऱ्या व्हॉल्व्हवर खड्डे पडले होते. त्याला पेस्ट लावून आबांनी काठी दोन तळव्यांमध्ये धरून घुसळायला सुरुवात केली, अगदी ताक घुसळावं तशी. आठ वर्षांच्या नातीलाही ती काठी हवी झाली. सूनबाई चहा घेऊन आल्या, तर तिघांचेही हात काळे.

जुलैच्या पहिल्या रविवारी इंजिन सुरू झालं. आधी निळा धूर, मग हळूहळू स्वच्छ. पण दहाच मिनिटांत ते धापा टाकून बंद पडलं. गार झालं की पुन्हा सुरू, पुन्हा दहा मिनिटांत बंद. कॉइल तापून दगा देते असं वाटून ती बदलली. तरीही तेच. मुलगा वैतागला. गवत गुडघ्याला आलं होतं. "आबा, पुरे झालं. नवीन घेऊन टाकू," तो म्हणाला.

आबा म्हणाले, "दोन दिवस दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र बंद पडता पडता आबांनी टाकीचं झाकण सैल केलं. 'फुस्स' करून हवा आत गेली आणि इंजिन पुन्हा सुरळीत चालू लागलं. टाकीतलं पेट्रोल कमी होतं तशी त्या जागी हवा यावी म्हणून झाकणाला बारीक छिद्र असतं. ते मातीनं बुजलं होतं. टाकीत पोकळी होऊन पेट्रोल उतरेनासं होत होतं. दुरुस्तीला लागली एक टाचणी.

मोडीत कोण निघालं?

त्या संध्याकाळी मुलगा गवत कापत होता. बेचाळीस इंची डेकखाली तीन पाती फिरत होती आणि तीस गुंठे दीड तासात उरकले. नंतर दोघं पायरीवर बसले. आबांनी स्वतःहून विषय काढला.

"तू मला इथं ठेवून घेतोयस ते काळजीनं, हे मला कळतं. पण आमच्याकडे गाडी दोन कारणांनी उभी राहायची. एक मोडीत निघालेली आणि एक नुसतीच कामाविना. तू मला पहिल्यांतली समजलास. मी दुसऱ्यांतला आहे. उद्यमनगरात पोरं आहेत, मला विचारायला येतात. तिथं मला घर आहे म्हणून नव्हे, काम आहे म्हणून जायचंय."

मुलाला उत्तर सुचलं नाही. तीन महिने तो आबांची औषधं, विमा, खोलीतली ऊब याचीच व्यवस्था करत होता. ही गोष्ट त्याच्या यादीत नव्हती. थोड्या वेळानं तो म्हणाला, "मग दरवर्षी उन्हाळ्यात तरी याल ना?"

"ट्रॅक्टर बिघडला तर येईन," आबा म्हणाले आणि दोघं हसले.

ऑक्टोबरमध्ये आबा परत गेले. जाण्याआधी त्यांनी मुलाकडून काही नियम वदवून घेतले. पात्यांपाशी हात नेण्याआधी प्लगची तार काढायची. गरम इंजिनावर पेट्रोल ओतायचं नाही. गवत कापताना मूल अंगणात नको, घरात हवं. या जुन्या ट्रॅक्टरांवरून चालक उठला तर पाती आपोआप थांबतीलच असं नाही, म्हणून आधी पाती बंद, मग इंजिन बंद, मग उठायचं. उतारावर आडवं न जाता उभं वर-खाली जायचं. हिवाळ्याआधी कार्बोरेटर रिकामा करायचा. धार लावल्यावर पातं मधल्या छिद्रातून खिळ्यावर अडकवायचं आणि जी बाजू खाली झुकेल ती घासून समतोल करायची.

ट्रॅक्टर आणि सुटे भाग मिळून खर्च सहाशे डॉलरच्या आतच राहिला. पण हिशोब तेवढाच नव्हता. २०२० मध्ये कोरोनानं विमानं थांबवली आणि येणं-जाणं बंद झालं. त्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरचा पट्टा तुटला. मुलानं फोनचा कॅमेरा डेकखाली धरला आणि कोल्हापुरातून आबा सांगत गेले, "डावीकडचा नट आधी. अरे, डावीकडचा!" तासाभरानं पट्टा बसला. पुढच्या वर्षीचा पट्टा मुलानं न विचारता बदलला आणि मग नुसतं कळवायला म्हणून फोन केला.

आईवडील थकले की त्यांना बसवून ठेवण्यात आपण प्रेम मानतो. हातातलं काम काढून घेतो आणि त्याला विश्रांती म्हणतो. या घरात तसं होता होता राहिलं. कोल्हापूरचं घर विकण्याचा विषय त्यानंतर पुन्हा कधी निघाला नाही.