तडा ठशाचा, नाणे खरे

हातातून रोज जाणाऱ्या वस्तूकडे मनुष्य सहसा निरखून पाहत नाही. मंडईत भाजी घेताना किंवा बसचे तिकीट काढताना आपण कितीतरी नाणी देतो-घेतो. परंतु त्यांवरील आकड्यापलीकडे आपली दृष्टी जात नाही. आम्हांस मात्र गेली काही वर्षे एक निरुपद्रवी छंद जडला आहे. सायंकाळी खिशातील नाणी दिव्याखाली मांडावयाची व भिंगातून त्यांवरील तडे शोधावयाचे. या छंदास खर्च नाही. कारण पाहून झालेले नाणे दुसऱ्या दिवशी वाण्याकडे जातेच!

हा तडा समजण्यास नाणे कसे पाडतात, हे प्रथम जाणले पाहिजे. टांकसाळीत पोलादाचे दोन ठसे असतात. त्यांवर चित्र व अक्षरे उलटी आणि खोल असतात. दोहोंच्या मध्ये कोरी चकती ठेवून यंत्राने प्रचंड दाब दिला, की धातू त्या खोलगट भागांत शिरतो. म्हणून ठशावर जे खोल, ते नाण्यावर उंच. असे असंख्य आघात सोसून ठसा अखेर तडकतो. मग त्या फटीतही धातू शिरतो आणि नाण्यावर केसासारखी उंच रेघ उमटते.

विद्यार्थिमित्रहो, ही रेघ ओळखण्याची पहिली कसोटी नखाची. नखाला रेघ उंच लागली तर तडा ठशाचा. खोल लागली तर तो पुढे व्यवहारात पडलेला ओरखडा. दुसरी कसोटी उजेडाची. नाणे तिरके धरावे. ठशाच्या तड्याची रेघ बहुधा काठापासून निघून अक्षरांमधून वाकडीतिकडी जाते. तिसरी कसोटी जोडीची. त्याच ठशाच्या दुसऱ्या नाण्यावर तोच तडा त्याच जागी सापडतो. तो वाढत जात असल्यामुळे कोणते नाणे आधीचे व कोणते नंतरचे, हेही सांगता येते. ठशाच्या काठाचा तुकडाच निखळला, तर नाण्याच्या कडेस अक्षरहीन उंचवटा येतो. परदेशी संग्राहक त्यास 'कड' म्हणतात. शब्द इंग्रजी, पण आम्हां मराठी माणसांस तो आपलाच वाटावा!

सालाखालील खूणही पाहावी. चौकट मुंबईची, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा. खूण नसल्यास नाणे कोलकात्याचे. पेशवाईत आपल्या पुण्यातही टांकसाळ होती व तेथे अंकुशी रुपया पडत असे. त्या काळी ठसा हाताने कोरीत व घणाने मारीत. तशा जुन्या नाण्यांतील एका ठशाची नाणी निवडताना अभ्यासक आजही अशाच खुणांचा आधार घेतात.

गेल्या वर्षी आमच्या वर्गातील एक मुलगी रडवेली होऊन आली. एका दुकानदाराने तिचे पाच रुपयांचे नाणे खोटे म्हणून परत केले होते, आणि "हे कोठून आणलेस?" असे चारचौघांत विचारले होते. पाच रुपयांचे तिला काही नव्हते. आपल्यावर लबाडीचा संशय आला, हे तिला लागले होते. आम्ही ते नाणे वर्गात फिरविले. काठापासून आकड्यापर्यंत एक उंच रेघ होती. तडा हा खरेपणाचा दाखला नव्हे, तसाच खोटेपणाचाही नव्हे. म्हणून प्रयोगशाळेच्या तराजूत तशाच दुसऱ्या नाण्याशी त्याचे वजन ताडले, अक्षरे व कडा जुळविल्या. सर्व बरोबर निघाले. दुसऱ्या दिवशी ती आमचे भिंग घेऊन त्या दुकानी गेली. दुकानदाराने पाहिले, तो हसला व नाणे घेण्यास तयार झाला. पण आता तिलाच ते देववेना! ते तिच्या कंपासपेटीत आहे.

असा गैरसमज नवा नाही. दहा रुपयांची नाणी लोक नाकारू लागले, तेव्हा २०१८ साली रिझर्व्ह बँकेस सांगावे लागले की, त्यांचे १४ प्रकार चलनात असून सर्व ग्राह्य आहेत. याउलट कोणी तड्याच्या नाण्यास लाखो रुपये देऊ करील, तर त्यापासूनही सावध राहावे. बारीक तडे पुष्कळ नाण्यांवर असतात व त्यांस दर्शनी किमतीहून अधिक मोल क्वचितच येते. बँकेच्या नावाने जुन्या नाण्यांचे व्यवहार करणाऱ्या ठकांविषयी तिने २०२१ साली जाहीर इशाराही दिला होता.

पालकांस एवढेच सांगावेसे वाटते की, नाण्यावरील त्या रेघेत नाण्याचा अपराध काहीच नसतो. मूलही घर आणि शाळा या दोन ठशांच्या मध्येच घडत असते. त्याच्या वागण्यात एखादी वाकडी रेघ दिसली, तर त्यास खोटे म्हणण्यापूर्वी तुम्ही आणि आम्ही आपापला ठसा तपासून पाहावा.