आजीचा अंगठा

पेढीच्या गादीमागील भिंतीवर एक जुने छायाचित्र आहे. आजोबा खुर्चीत ताठ बसलेले. डोक्यावर टोपी, अंगात कोट, दोन्ही हात गुडघ्यांवर. आजी मागे उभी, उजवा हात खुर्चीच्या पाठीवर. लग्नानंतर महिन्याभराने, १९५८ साली, स्टुडिओत काढलेले. थोरले दीर सोबत आले होते, त्यामुळे नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. मात्र बारकाईने पाहिल्यास चार बोटे लाकडावर आणि अंगठा तेवढा कोटाला टेकलेला दिसतो. पुढे साठाहून अधिक वर्षांच्या संसारात चारचौघांत दोघांनी एकमेकांना नावाने हाक मारली नाही.

दांपत्याच्या छायाचित्रात चेहऱ्यापेक्षा हात खरे बोलतात. चेहरा सावध असतो. छायाचित्रणाच्या आरंभकाळात तर काचेवर प्रतिमा उमटण्यास कित्येक सेकंद लागत. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू देत. तितका वेळ हसू टिकत नाही, म्हणून ते चेहरे गंभीर. हातांना मात्र कुठेतरी विसावावेच लागे. बँकेत सही पडताळताना अक्षरांबरोबर फटकाऱ्यांकडेही पाहतात, त्यातलाच हा प्रकार.

सरधना येथील जवाहिऱ्यांच्या जैन घराण्यात १८४४ साली जन्मलेल्या लाला दीनदयाळ यांनी हे ओळखले असावे. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ काढला आणि त्याचा कारभार एका इंग्रज बाईंकडे सोपविला. परपुरुषासमोर आखडणारी बोटे तेथे सैल पडत असतील.

गेल्या वर्षी आजी गेल्या. नातवाने छायाचित्र संगणकावर उजळून आणले. पिवळेपणा गेला, डाग गेले, कोटाची शिवण दिसू लागली. घरात सर्वांना आवडले. आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

“अंगठा कुठे गेला रे तिचा?”

“आजोबा, तिथं डाग होता. पुसला त्यानं.”

“डाग नव्हता तो.”

आजोबा एवढेच बोलले आणि त्या दिवशी जेवायला उठले नाहीत. मूळ प्रत फ्रेमवाल्याकडेच राहिली होती आणि तो स्टुडिओ तर केव्हाच बंद पडलेला. नातू आल्या पावली परत गेला. रद्दीला काढलेल्या पुठ्ठ्यांत ती सापडली, एक कोपरा मुडपलेला.

हार नव्या प्रतीला चढला. जुनी पुन्हा गादीमागे लागली. दुपारी गिऱ्हाईक नसते, तेव्हा आजोबा दाराकडे पाठ करून बसतात.